अचूकता कोणासाठी?

मी बेंगळुरूत बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यास आणि अनुवादाची सेवा यांतून वेळ उरला की मी प्लॅस्टिकची स्केल मॉडेल जोडते. ‘मुलीने रणगाडे कसले जोडायचे?’ असे घरी अजून अधूनमधून ऐकावे लागते. पण एक वेगळाच प्रश्न मला या छंदाने विचारला. एखादी गोष्ट अगदी हुबेहूब करण्याचा ध्यास आपल्याला लागतो, तेव्हा ती अचूकता नेमकी कोणासाठी असते?

जुना साचा, नवे खोके

गेल्या वाढदिवसाला मामाने मला सेंच्युरियन रणगाड्याचा संच दिला. खोके नवे होते, आतला माल मात्र जुन्या साच्यातला. या छंदात हे नेहमीचेच आहे. पोलादी साचा एकदा बनला की अनेक दशके चालतो, त्यामुळे १९६०-७० च्या दशकातले संच आजही नव्या वेष्टनात विकले जातात. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने तर आपले जुने संच ‘व्हिंटेज क्लासिक्स’ या नावाने पुन्हा बाजारात आणले आहेत.

असा संच जसाच्या तसा जोडला तर वस्तू बरी दिसते, पण खरी दिसत नाही. साचा झिजलेला असतो, म्हणून सुट्या भागांच्या कडेला प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे येतात. जाड भागांवर खळगे पडतात. जे हँडल गजाचे असायला हवे ते नुसत्या उंचवट्यासारखे दिसते. मग पापुद्रे कापायचे, खळग्यांत लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचे, हँडल तासून तिथे बारीक तार बसवायची. मूळ रणगाड्याचे फोटो समोर ठेवून एकेक चूक दुरुस्त करत जायचे. पस्तिसाव्या हिश्श्याच्या मॉडेलमध्ये प्रत्यक्षातला साडेतीन सेंटिमीटरचा बोल्ट एक मिलिमीटरचा होतो. खरा सेंच्युरियन पन्नास टनांहून जड. माझा तळहातावर मावतो.

माझ्या संचाच्या तळाला भोके होती. त्यामागेही एक इतिहास आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचे मॉडेल काढले, तेव्हा आत मोटर आणि बॅटरी मावली पाहिजे या हिशेबाने त्याचा आकार ठरवला. १/३५ हे प्रमाण त्यातून रूढ झाले. पुढे मोटर गेली, पण अनेक संचांच्या तळाला तिच्यासाठी ठेवलेली भोके तशीच राहिली.

ही भोके बुजवावीत का? मॉडेल टेबलावर ठेवले की तळ कोणाला दिसणार? ऑडिटच्या तासाला आम्ही ‘मटेरिॲलिटी’ शिकतो. हिशेबातली जी चूक वाचणाऱ्याच्या निर्णयावर परिणाम करणार नाही, तिच्यामागे फार वेळ घालवू नये, असा त्याचा साधा अर्थ. त्या न्यायाने तळाची भोके सोडून द्यायला हरकत नव्हती. मी मात्र दोन संध्याकाळी खर्चून ती बुजवली. कोणी पाहो न पाहो, काम पूर्ण झाले पाहिजे, असे मी स्वतःला सांगितले. फळाची अपेक्षा न ठेवता केलेले कर्म ते हेच, असेही वाटून गेले. हे समाधान किती कच्चे होते ते पुढे कळले.

फामागुस्ता

खोक्यातल्या खुणा ब्रिटिश सैन्याच्या होत्या. मी ठरवले की हा रणगाडा आपल्या सैन्याचा करायचा, आणि तोही एक विशिष्ट: ‘फामागुस्ता’.

पूना हॉर्स ही आपल्या सैन्याची जुनी घोडदळ रेजिमेंट. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत ती सेंच्युरियन घेऊन लढली आणि दोन्ही युद्धांत तिच्या एकेका अधिकाऱ्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. जून १९७१ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला शकरगड भागात, बसंतर नदीच्या लढाईत, शत्रूच्या पॅटन रणगाड्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांच्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली होती. तो सोडून बाहेर या, असा वरिष्ठांचा निरोप आला. तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही, असे त्यांनी कळवले. तेव्हा त्यांचे वय २१ वर्षे होते. त्यांच्या रणगाड्याचे नाव फामागुस्ता. पुढे तो दुरुस्त करण्यात आला आणि अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन करून ठेवला आहे.

मीही २१ वर्षांची. नाव रंगवताना माझा हात थोडा थरथरला, हे खरे. पण तो अक्षर वाकडे होईल म्हणून थरथरला, दुसऱ्या कशानेही नाही.

शहरात मॉडेलांचे एक प्रदर्शन होते आणि त्यात स्पर्धा होती. तिथे नुसते स्वच्छ मॉडेल मागे पडते. गंज, चिखल, धूर, गोळ्यांच्या खुणा असल्या की परीक्षक थांबून पाहतात. मी सुई तापवून टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या भागाच्या, बाजूला भोक पाडले. त्याच्या कडा आतून पातळ केल्या. काळ्या खडूची पूड ब्रशने पसरून धुराचा डाग काढला, गंजासाठी तीन छटा वापरल्या. काम फार सुरेख झाले. मी दिव्याखाली धरून कितीतरी वेळ पाहत राहिले.

एक साधा प्रश्न

त्या आठवड्यात आजोबांचे एक मित्र बेळगावहून आले होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मी मोठ्या उत्साहाने मॉडेल त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा वर करून ते सगळीकडून पाहिले, तळ पाहिला, पट्ट्यांवरचा चिखल पाहिला. “छान केलंस बाळ,” म्हणाले. मग त्या भोकावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “गोळा इथंच लागला होता काय?”

मी म्हटले, “ते मला ठाऊक नाही, आजोबा. इथे चांगलं दिसतं म्हणून काढलं.”

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने टरेटच्या उघड्या झाकणातून आत डोकावून म्हणाले, “आणि माणसं कुठं आहेत गं?”

संचात रणगाड्याच्या कमांडरची एक अर्धाकृती होती. जुन्या साच्यामुळे तिच्या चेहऱ्यावरून उभी रेघ गेली होती आणि नाक जवळजवळ नव्हतेच. तिच्यामुळे मॉडेलची शोभा जाईल म्हणून मी ती उरलेल्या तुकड्यांच्या डब्यात टाकली होती.

रात्री झोप लागली नाही. एक मिलिमीटरचा बोल्ट योग्य जागी यावा म्हणून मी फोटो मोठे करून पाहिले होते. ज्या जखमेत एका मुलाचा जीव गेला, ती मात्र मी कल्पनेने काढली. शोभेल तिथे काढली. लोखंडाविषयी मी अचूक होते आणि माणसाविषयी बेफिकीर. संपूर्ण मॉडेलमध्ये बिघडलेला म्हणून मी एकच भाग वगळला होता, आणि तो माणूस होता. सेंच्युरियनमध्ये चौघे असत: कमांडर, तोफ चालवणारा, गोळे भरणारा आणि चालक. मला त्यांतल्या एकाचेच नाव माहीत होते.

मग युद्धाची मॉडेल करूच नयेत का?

मला तसे वाटत नाही. आपण मराठी घरांत दिवाळीला किल्ला करतो. शहाजीराजांच्या या बेंगळुरूत आम्हीही बाल्कनीत माती आणून करतो. किल्ला म्हणजे युद्धाचीच जागा. बुरूज, तोफा, पहारे सगळे असते. पण किल्ल्यावर माणसे आधी येतात. महाराज सिंहासनावर बसतात, दारावर मावळे उभे राहतात, खाली शेतकरी, विहीर आणि पाणी नेणारी बाईसुद्धा असते. हळीव पेरून शेत उगवते. हा किल्ला कोणाच्या रक्षणासाठी आहे, हे लहान मुलालाही पाहता क्षणी कळते. मावळ्याचा हात तुटला असला तरी आपण त्याला टाकत नाही, भिंतीला टेकवून उभा करतो.

याच्या उलट बाजूनेही विचार केला पाहिजे. माझी मैत्रीण म्हणाली, “जळालेला रणगाडा दाखवण्यात काय चूक? युद्ध असंच असतं. चकचकीत रणगाडा मांडणं हेच उलट खोटं.” तिचे म्हणणे खोडून काढता येत नाही. युद्धाची कुरूपता झाकून ठेवली तर ते फार सोपे वाटू लागते. कोणी दुःखाने, समजून, नेमके जसे घडले तसे दाखवले तर ते काम माझ्या कामापेक्षा नक्कीच मोठे ठरेल. म्हणून ‘जखम दाखवू नये’ असा नियम मी करत नाही. स्वतःपुरती एक कसोटी मात्र ठरवली आहे. त्या मुलाची आई खोलीत येऊन बसली, तर ही रंगाची छटा कशी साधली हे मी तिला हौसेने सांगू शकेन का? सांगू शकणार नसेन, तर माझ्या मनात काहीतरी चुकले आहे.

ही कसोटी फक्त आपल्या बाजूच्या माणसांसाठीही नाही. २००१ मध्ये अरुण खेत्रपाल यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या ८१ व्या वर्षी आपले जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ज्यांनी त्यांचे आतिथ्य केले ते ब्रिगेडियर ख्वाजा महंमद नासेर १९७१ मध्ये समोरच्या १३ लान्सर्समध्ये होते. निरोप घेण्यापूर्वी त्यांनी वृद्ध पित्याला सांगितले की आपल्याच हातून अरुणचा मृत्यू झाला. तीस वर्षे त्या माणसाने हे मनात वागवले होते. आणि पित्याने ते त्याच्याच घरी, पाहुणा म्हणून बसून ऐकले. हे वाचल्यावर प्रदर्शनातल्या जळक्या पॅटनकडेही मला पूर्वीसारखे पाहता आले नाही. त्यातही कोणाची तरी मुले होती.

रथ आणि रथी

महाभारतात एक प्रसंग आहे. अठराव्या दिवशी युद्ध संपल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला आधी रथातून उतरायला सांगतात आणि मग स्वतः उतरतात. ते उतरताच तो दिव्य रथ जळून भस्म होतो. द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी तो आधीच दग्ध झाला होता. श्रीकृष्ण त्यात बसले होते म्हणून इतका वेळ टिकला. लहानपणी ही गोष्ट मला चमत्काराची वाटायची. आता ती फार व्यवहाराची वाटते. रथाचे मोल रथात बसलेल्यामुळे असते. तो वगळला तर उरते ती राख. मग ती कितीही अचूक रंगवलेली असो.

आपल्या रोजच्या कामातही हेच घडते. ताळेबंदाची बेरीज पैशापर्यंत जुळते, पण ते पैसे कोणाच्या कष्टाचे, हे आठवत नाही. अनुवादात प्रत्येक शब्दाला शब्द सापडतो, आणि वाचणारा मात्र डोळ्यांसमोर नसतो. अचूकपणा हा गुण आहे, पण तो कोणाचा तरी आदर म्हणून यावा. नुसत्या स्वतःच्या कौशल्याच्या कौतुकासाठी आला तर तोही अहंकारच होतो, आणि सद्गुणाच्या वेषात आल्यामुळे ओळखायला कठीण. तळाची भोके बुजवताना मी त्याला निष्काम कर्म म्हणत होते. प्रत्यक्षात ‘मी किती काटेकोर’ हे फळ मी रोज चाखत होते.

प्रदर्शनाला चार दिवस उरले होते. टरेटचे भोक मी लांबीने बुजवले, घासले, पुन्हा रंगवले. खरा फामागुस्ताही दुरुस्त होऊनच उभा आहे. मग डब्यातून ती अर्धाकृती काढली. चेहऱ्यावरची रेघ पॉलिश पेपरच्या अगदी लहान तुकड्याने घासली, लांबीच्या कणाने नाक घडवले. पूर्ण माणूस या प्रमाणात जेमतेम पाच सेंटिमीटरचा. त्याचा चेहरा तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. सगळ्या मॉडेलमध्ये जास्त वेळ त्यालाच लागला, आणि तरी तो फारसा चांगला झाला नाही. तो झाकणात उभा केला.

उरलेले तिघे बाहेरून दिसणारच नव्हते. त्या लढाईविषयी वाचून मी चौघांची नावे शोधली आणि वरचा भाग चिकटवण्याआधी तळाच्या आतल्या बाजूला, जिथे मोटरची भोके बुजवली होती तिथे, बारीक अक्षरांत लिहिली. आता ती कोणालाच दिसत नाहीत.

स्पर्धेत बक्षीस मिळाले नाही. सुभेदार आजोबा बेळगावला परत गेले होते. त्यांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. म्हणाले, “आता कोणाचा आहे ते कळतंय.”