कलम बावीसची तळटीप

आपल्याकडच्या गाजलेल्या घटनात्मक खटल्यांना बहुधा सरकारविरुद्ध दाद मागणाऱ्याचं नाव चिकटतं. गोलकनाथ, केशवानंद, मनेका गांधी. जबलपूरच्या खटल्याला मात्र एका सरकारी हुद्द्याचं नाव चिकटलं: 'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल'. वकील मंडळी नुसतं 'एडीएम जबलपूर' म्हणतात. कारण साधं आहे. शुक्ल यांनी उच्च न्यायालयातली फेरी जिंकली होती, त्यामुळे अपिलात गेलं ते सरकार. पराभवाची ही गोष्ट आपण आणीबाणीच्या दर वर्धापनदिनी सांगतो, पण तिच्या आधीचा तो विजय बहुतेकांना ठाऊकही नसतो.

तो विजय जबलपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या परिसरातल्या उच्च न्यायालयातला. या न्यायालयाशी मराठी मुलखाचं जुनं, जरा दुखरं नातं आहे. १९३६ साली स्थापन झालेलं नागपूरचं उच्च न्यायालयच १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशचं झालं आणि त्याचं मुख्य पीठ जबलपूरला गेलं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये मग मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ बसू लागलं. एका घराच्या वाटण्या व्हाव्यात तशा या दोन सिव्हिल लाइन्स. १९७५ साली दोन्हीकडे प्रश्न एकच आला आणि दोन्हीकडून उत्तरही एकच निघालं.

प्रश्न असा होता. २५ जून १९७५ ला आणीबाणी पुकारली गेली आणि २७ जूनला राष्ट्रपतींनी कलम ३५९ खाली आदेश काढला की कलम १४ (समानता), २१ (जीवित व स्वातंत्र्य) आणि २२ (अटक व स्थानबद्धतेपासून संरक्षण) यांनी दिलेल्या हक्कांसाठी कुणालाही न्यायालयात दाद मागता येणार नाही. 'मिसा' या विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली उचललेल्यांच्या वतीने तरीही हेबियस कॉर्पसचे, म्हणजे धरलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा असे, अर्ज होत राहिले. सरकारी बाजू म्हणे, अर्ज ऐकूच नका. जबलपूर, नागपूर, दिल्ली, अलाहाबाद, बंगळूर अशी एकूण नऊ उच्च न्यायालयं कमीअधिक फरकाने म्हणाली की निदान हुकूम कायद्यात बसतो का, तो काढणाऱ्याला तसा अधिकार होता का, धरलेला माणूस तोच का, एवढं आम्ही पाहणारच. हे काही बंड नव्हतं. त्यांना नेहमीचंच काम करायचं होतं.

जबलपूरकरांना सत्तेशी दोन हात करणं नवीन नव्हतं. तिथले खासदार सेठ गोविंददास १९७४ साली वारले. त्यांच्या जागी झालेल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत शरद यादव हा विद्यार्थी चळवळीतला तरुण जयप्रकाश नारायणांचा लोकउमेदवार म्हणून निवडून आला. आणीबाणीत तोही तुरुंगात गेला. त्याच्याबरोबर नरसिंहगडच्या तुरुंगात पुण्याचे मधू लिमये होते. लोकसभेची मुदत सरकारने सहाव्या वर्षात ढकलली, तेव्हा या दोघांनी तुरुंगातूनच खासदारकीचे राजीनामे दिले. हेच लिमये १९६८ साली बिहारमध्ये पकडले गेले होते. अटकेची कारणं सांगितली नाहीत एवढ्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा त्यांना मोकळं केलं. सात वर्षांनी, मिसात घुसवलेल्या १६-अ या नव्या कलमामुळे, कारणं सांगण्याचं बंधनच सरकारवर उरलं नाही.

एवढ्यात हे कसं बदललं? न्यायाधीश भ्याले, हे उत्तर सोपं आहे आणि थोडंफार खरंही आहे. पण खरी मेख आदेशाच्या मसुद्यात होती. १९६२ च्या चीन युद्धातही आणीबाणी होती, कलम ३५९ चा आदेशही होता. तेव्हा प्रभाकर संझगिरी हे मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. त्यांनी आत बसून 'अणूच्या अंतरंगात' हे मराठी विज्ञानपुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्या म्हणाले. राज्य सरकारने नकार दिला. अणूची रचना समजली तर राज्याला कोणता धोका होता, हे सरकारलाच माहीत! १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. त्या वेळच्या आदेशाला एक अट होती: दाद मागायला बंदी, पण ती भारत संरक्षण कायद्याखाली आणि त्याच्या नियमांखाली हक्क हिरावलेल्यांपुरती. म्हणजे सरकारची कृती त्या नियमांत बसते का, हे पाहायला न्यायालयाला फट उरत होती. १९७५ च्या आदेशात ती अटच ठेवली नाही. फट बुजवली ती एखाद्या क्रूरकर्म्याने नव्हे, कायदा उत्तम जाणणाऱ्या मसुदाकाराने.

पुढचं बहुतेकांना ठाऊक आहे. स्थानबद्धांच्या बाजूला शांतिभूषण, सोली सोराबजी आणि आपले सासवडचे वि. म. तारकुंडे उभे राहिले. न्या. हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारलं की पोलिसाने खाजगी वैरातून माणूस मारला तरी दाद नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मतांनी सरकार जिंकलं. विरोधात एकटे खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतात पुण्याचे न्या. यशवंत चंद्रचूडही होते. त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी २४ ऑगस्ट २०१७ च्या खाजगीपणाच्या निकालात तो निकाल रद्दबातल ठरवला. वडिलांची चूक मुलाने दुरुस्त केली, ही कथा वृत्तपत्रांना भलतीच आवडली.

मला ती पुरेशी वाटत नाही. २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली नव्हती. मुख्य दुरुस्ती संसदेने १९७८ सालीच केली होती. ३८व्या, ३९व्या आणि ४२व्या घटनादुरुस्त्यांनी केलेली बरीचशी मोडतोड ४४व्या दुरुस्तीने सावरली. आता आणीबाणीतही कलम २० आणि २१ निलंबित करता येत नाहीत. 'अंतर्गत अशांतता' हे निमित्त काढून तिथे 'सशस्त्र उठाव' आला. न्यायालयीन आव्हानापासून वाचवण्यासाठी नवव्या परिशिष्टात ठेवलेला मिसा तिथून बाहेर निघाला.

पण त्याच दुरुस्तीतलं तिसरं कलम बघा. राज्यघटनेची कोणतीही सरकारी प्रत उघडा. कलम २२ च्या चौथ्या खंडाशी फुलीची खूण आहे आणि खाली तळटीप: ४४व्या दुरुस्तीचं कलम ३ अमलात येईल तेव्हा हा मजकूर बदलेल. नवा मजकूर तयारही आहे. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला तीन नव्हे, दोनच महिने डांबता येईल. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने बनेल आणि अध्यक्ष विद्यमान न्यायमूर्तीच असेल. संसदेने मंजूर केलेला, राष्ट्रपतींची सही झालेला हा मजकूर आज साडेचार दशकांनंतरही 'येईल तेव्हा' या अवस्थेतच आहे. त्यासाठी राजपत्रात एक अधिसूचना निघायला हवी, ती निघालेली नाही. गंमत म्हणजे पहिली टाळाटाळ, ज्यांनी आणीबाणीत तुरुंग भोगला, त्या जनता सरकारची. २० जून १९७९ रोजी दुरुस्तीची बहुतेक कलमं अमलात आली, हे तिसरं सोडून. नंतर काँग्रेस, आघाड्या, भाजप, सगळ्यांनी सत्ता भोगली. या एका बाबतीत त्यांच्यात विलक्षण एकमत आहे.

न्यायालयाकडे हे प्रकरण गेलं नाही असं नाही. १९८० साली राष्ट्रीय सुरक्षा अध्यादेश आला, त्याचाच पुढे कायदा झाला. त्या अध्यादेशाखाली धरलेले धनबादचे खासदार ए. के. रॉय सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सरकारला अधिसूचना काढायला लावा म्हणाले. डिसेंबर १९८१ मध्ये बहुमताने नकार दिला: कधी अमलात आणायचं ते सरकारने ठरवावं. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी. न्या. गुप्ता आणि न्या. तुळजापूरकर यांचं या मुद्द्यावर वेगळं मत पडलं. वडिलांचा १९७६ चा निकाल मुलाने पुसला हे सर्वांना माहीत आहे. हा १९८१ चा निकाल तसाच उभा आहे आणि त्याची कुणाला आठवणही नाही.

त्याच १९८१ साली महाराष्ट्राने 'एमपीडीए' कायदा केला, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी. या कायद्याने माणूस वर्षभर स्थानबद्ध होऊ शकतो. त्यासाठी खटला चालवावा लागत नाही. धरायला पोलीस आयुक्ताची किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याची सही पुरते. 'सराईत गुंड एमपीडीएखाली स्थानबद्ध' ही बातमी आपण नाश्त्याच्या वेळी वाचतो आणि बरं झालं म्हणतो. तो माणूस गुंड असेलही. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यालाही त्याने धरलेली माणसं धोक्याचीच वाटली असणार. फरक एवढाच की तेव्हा आत गेलेल्यांत पुढे मंत्री होणारे होते, म्हणून घटना दुरुस्त झाली. हातभट्टीवाल्यासाठी कोण अधिसूचना काढणार?