दोन नावांचा माणूस

वाळूजला पत्र्याच्या खोलीत राहून कंपनीत कंत्राटावर खपणारा आमचा एक दोस्त. त्याचं नाव गावच्या यादीत आहे, अन् इथल्याही. म्हटलं, एक कमी कर. तर म्हणतो, "त्यांनी लाखानं घुसवली म्हणतात. माझंच एक जड झालं का?"

मित्रांनो, हा सवाल टाळू नका. 2024 च्या लोकसभा अन् विधानसभेच्या मधल्या पाच महिन्यांत महाराष्ट्रात 39 लाख मतदार कसे वाढले, असा जाब राहुल गांधींनी विचारला. आयोगानं गैरप्रकार नाकारला. 1 नोव्हेंबर 2025 ला विरोधकांनी मुंबईत मोर्चा काढला. ती लढाई चालेल. पण आपलं काय?

बाबासाहेबांनी 1928 ला सायमन कमिशनपुढं प्रौढ मताधिकार मागितला. ज्यांना माणसात धरलंच नव्हतं, त्यांना 'एक' म्हणून मोजा, एवढीच ती मागणी. आपण दोनदा मोजून घेतलं, की कुणाचं तरी एक मत पुसलं जातं. चोरी आपल्या माणसानं केली म्हणून हक्क होत नाही.

मात्र यादी साफ करणारा झाडू आधी भाडेकरूवरच फिरतो. खोली बदलते, मालक भाडेचिठ्ठी देत नाही. म्हणून दारोदार यादी वाचा. खोटं नाव दिसलं तर हरकत घ्या, खरं नाव गळालं तर भांडा.

दोस्तानं विचारलं, "कुठलं ठेवू?"

जिथं राहतोस, तिथलं. कायदाही तेच सांगतो.

तो गप्प झाला. गावात पाटलासमोर ताठ मानेनं मत टाकायचं, ते आता सुटणार. ही किंमत लहान नाही. तरी मोजायची.