कल्पित डाउनिंग स्ट्रीट आणि वैधतेचा प्रश्न

लंडनमधील डाउनिंग स्ट्रीट ही लांबीने किरकोळ, परंतु अर्थाने अवजड गल्ली आहे. १७३५ मध्ये वॉलपोल दहा क्रमांकाच्या घरात राहावयास आला आणि कालांतराने तो पत्ता हेच सत्तेचे नाव झाले. बीबीसीवर १९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकल्पित मालिकेने या रस्त्याला एक समांतर इतिहास दिला. त्यात २००५ साली मानवी कातडी पांघरलेले परग्रहवासी दहा क्रमांकात शिरतात आणि क्षेपणास्त्राने ते घर जमीनदोस्त होते. दृश्य नेत्रदीपक खरे, पण वैचारिकदृष्ट्या त्यात फारसे काही नाही. इमारती पुन्हा उभ्या राहतात.

खरा पेच त्याच वर्षीच्या नाताळच्या भागात आहे. या उलथापालथीतून पुढे आलेली हॅरिएट जोन्स आता पंतप्रधान आहे. द्वंद्वात हरलेले सायकोरॅक्स कराराप्रमाणे माघारी जात असता ती त्यांचे यान नष्ट करविते. तिचा युक्तिवाद असा, की कालप्रवासी डॉक्टर सदैव हजर नसतो. पृथ्वीला स्वतःचे रक्षण करता आले पाहिजे. (माघारी वळलेल्या शत्रूवरील हा प्रहार पाहताना ब्रिटिश प्रेक्षकाला १९८२ मधील ‘बेलग्रानो’ आठवणे स्वाभाविक होते.) डॉक्टर संतापतो आणि तिच्या साहाय्यकाच्या कानात सहा शब्द सांगतो: तिच्या थकव्याविषयीची एक शंका. तेवढ्याने तिची सत्ता जाते.

प्रेक्षकाची सहानुभूती येथे डॉक्टरकडे वळविली जाते, आणि नेमके तेथेच थांबून विचार करावयास हवा. पाठमोऱ्या शत्रूला सुनावणीविना मारले, हा तिचा अपराध. मग जनतेने निवडलेल्या पंतप्रधानाला सुनावणीविना, कुजबुजीने हटविणे हे काय आहे? ज्यांच्या नावाने दोघेही वागतात त्या नागरिकांना कोणीच काही विचारलेले नाही. डॉक्टरची चूक केवळ परिणामांवरून ठरत नाही. परिणाम मात्र संहितेनेच नोंदविले आहेत. तिच्या तीन कारकिर्दींचे जे सुवर्णयुग डॉक्टरला आधीच ठाऊक होते ते आलेच नाही. २००७ मध्ये त्या दारातून त्याचा वैरी ‘मास्टर’ पंतप्रधान म्हणून आत गेला आणि त्याने मंत्रिमंडळच विषारी वायूने संपविले.

याच विश्वातील ‘टॉर्चवुड’ मालिकेने २००९ मध्ये प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. परग्रहवासी जगातील दहा टक्के मुले मागतात. मंत्री रीतसर बैठक घेऊन, शाळांच्या गुणवत्ता-यादीत तळाशी असलेली मुले द्यावीत असे ठरवितात. कार्यपद्धतीत खोट काढता येणार नाही. डॉक्टर त्या कथेत येतच नाही.

जोन्स मात्र त्यापूर्वीच, २००८ मध्ये, संपली आहे. पृथ्वी संकटात असता डॉक्टर सापडत नाही. त्याला शोधण्यासाठी तिनेच उभारलेले संपर्कजाळे ती चालू ठेवते. आपल्या त्या निर्णयावर ठाम असल्याचे सांगून ती, आता पदाशिवाय, डालेकांना सामोरी जाते.