दान कोणाच्या पैशातून?



रविवारी दानपेटीत आपण टाकतो ते पैसे नंतर कोणाचे होतात? चर्चचे, गरिबांचे, की ज्या कारणासाठी दिले त्या कारणाचे? सहाव्या शतकात स्पेनमधील एका संताला याच प्रश्नापायी आपले चर्च सोडावे लागले.

संत एमिलियन यांना स्पेनमध्ये सान मियान म्हणतात. त्यांचा सण १२ नोव्हेंबरला असतो. रियोहा भागातला हा मेंढपाळ तरुण फेलिक्स नावाच्या एकांतवासी साधूकडे शिकला आणि पुढे सुमारे चाळीस वर्षे डोंगरात एकटा राहिला. त्यांची कीर्ती ताराझोनाचे बिशप दिदिमस यांच्या कानी गेली. मियान यांची इच्छा नसतानाही बिशपांनी त्यांना धर्मगुरू केले व बेर्सेओ गावचे चर्च त्यांच्याकडे सोपवले. चर्चकडे जे होते ते मियान गरिबांना वाटू लागले. बरोबरच्या धर्मगुरूंनी तक्रार केली की, हा माणूस चर्चची मालमत्ता उधळतो आहे. बिशप संतापले आणि मियान यांचे पद गेले.

हे चरित्र सारागोसाचे बिशप संत ब्राउलिओ यांनी मियान यांच्या मृत्यूनंतर सुमारे साठ वर्षांनी लिहिले. ते स्वतः बिशप असूनही बिशपांच्या मत्सराला दोष देतात, हे विशेष! पण मला वाटते, तक्रार अगदीच पोकळ नव्हती. कोणी दिव्याच्या तेलासाठी दिले असेल, कोणी छपरासाठी. ते परस्पर वाटून टाकणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र नव्हे काय? आपल्या दुरुस्ती फंडाचे असे झाले, तर आपणही सभेत हिशेब मागूच. आणि तो मागायलाही हवा.

मात्र दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी कैद्यांना सोडवण्यासाठी चर्चची पवित्र पात्रे वितळवली. टीका झाली, तेव्हा त्यांनी आपल्या कृतीचे उघड समर्थन केले. पोप जेलासियस यांनी ४९४ साली चर्चच्या उत्पन्नाचे चार वाटे सांगितले: बिशपांचा, धर्मगुरूंचा, गरिबांचा आणि इमारतीचा. म्हणजे गरिबाला मिळते ती आपली मेहेरबानी नसून त्याचा वाटा असतो. या हिशेबाने पाहिले, तर मियान यांची चूक एवढीच की त्यांनी उरलेले तीन वाटेही गरिबांच्याच पदरात घातले.

शिवाय ते केवळ दुसऱ्याच्याच पैशावर उदार नव्हते. भिकारी दारी आले आणि देण्यासारखे काही नव्हते, तेव्हा त्यांनी अंगरख्याच्या बाह्या कापून दिल्या. (त्या मिळालेल्या भिकाऱ्याला बाकीच्यांनी बदडले, हेही ब्राउलिओ लपवत नाहीत. दान दिले की सारे गोड होते असे नाही!) चर्चला जाण्यासाठी ठेवलेला घोडा चोरीला जाऊन परत मिळाला, तेव्हा तोही विकून त्यांनी पैसे गरिबांना दिले. स्वतःची बाही कापणाऱ्या माणसाकडे हिशेब मागताना आपला आवाज जरा खाली येतो, तो यामुळेच.

पद गेल्यावर मियान शांतपणे आपल्या एकांतात परतले. ५७४ साली, शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. त्यांच्या गुहेजवळ सुसो हा मठ उभा राहिला. १०५३ साली राजा गार्सिया त्यांचे अवशेष नाहेरा येथील आपल्या नव्या चर्चमध्ये नेऊ लागला. परंपरा सांगते की, दरीत बैल अडून बसले, आणि म्हणून तिथेच युसो हा दुसरा मठ बांधला गेला. ज्यांनी सारे वाटून टाकले, त्यांच्या अवशेषांसाठी तिथे सोने, रत्ने व हस्तिदंत यांची पेटी घडवली गेली. १८०९ साली फ्रेंच सैनिकांनी सोने व रत्ने लुटली. ब्राउलिओंनी सांगितलेले प्रसंग कोरलेले हस्तिदंती फलक मात्र बरेचसे उरले. त्यांतले काही परदेशांतील संग्रहालयांत गेले, बाकीचे आजही युसोत पाहायला मिळतात.