एलीच्या ताटात

शिलोला यज्ञाचं मांस शिजायला लागलं की याजकाचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा. हंडीत काटा खुपसायचा, वर येईल ते याजकाचं. एली याजकाचे दोघे मुलगे, हफनी आणि फिनहास, एवढ्यावर भागवणारे नव्हते. वेदीवर चरबी जाळून परमेश्वराचा वाटा त्याला पोचण्याआधीच त्यांचा माणूस भक्तापुढे उभा राहून कच्चं मांस मागायचा, आणि कुणी थांब म्हटलं तर हिसकावून नेण्याची धमकी द्यायचा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात हे सगळं एखाद्या फिर्यादीसारखं बारकाईनं नोंदलेलं आहे.

आपल्याकडच्या उपदेशांत एली येतो तो लाड करणारा बाप म्हणून, आणि उपदेश संपतो तो छडीवर. नीतिसूत्रांमधली छडी आमच्या उपदेशकांना जरा जास्तच प्रिय आहे. पण एली मुलांना बोललाच नाही, असं मुळात नाही. तो बोलला, चांगलं खडसावून बोलला. मुलांनी ऐकलं नाही. मग देवाचा माणूस येऊन जो ठपका ठेवतो, तो रागावण्यातल्या कसुरीचा नाहीच. लोकांनी आणलेल्या अर्पणातल्या उत्तम भागावर हे घर पुष्ट झालं, आणि एलीनं देवापेक्षा मुलांचा मान मोठा धरला, असा तो ठपका आहे. पुढं दोन अध्यायांनंतर एली आसनावरून मागच्या मागे पडतो आणि मान मोडून मरतो. वय 98, आणि अंगानं जड. त्याचं हे जडपण लिहिणाऱ्यानं उगाच सांगितलं असेल, असं मला वाटत नाही. मुलांच्या काट्याला लागून आलेलं मांस बापाच्याही ताटात पडत होतं. ज्याच्या ताटात ते पडतं त्याच्या बोलण्याला मुलं किती किंमत देणार?

शिस्तीचा प्रश्न मला इथून सुरू होतो असं वाटतं. आवाज किती चढवला, हात उगारला की नाही, हे नंतरचं. एलीच्या हाती महायाजकाचा अधिकार होता. दोघांना सेवेतून दूर करणं त्याला अशक्य नव्हतं. ते त्यानं केलं नाही.

गंमत अशी की परक्याचं पोर त्यानं उत्तम वाढवलं. हन्नाचा शमुवेल त्याच्याच हाताखाली मोठा झाला, आणि रात्री ऐकू आलेल्या देवाच्या हाकेला ओ कशी द्यावी हेही एलीनंच त्याला शिकवलं. त्याच पोराला सकाळी एलीच्या घराचा निवाडा एलीच्याच तोंडावर सांगावा लागला. आणि मग हा शमुवेल म्हातारा झाला, त्यानं आपले मुलगे योएल आणि अबीया यांना बैर-शेबा इथं न्यायाधीश नेमलं, तर त्यांनी लाच खाऊन न्याय विकला. बापाच्या डोळ्यांसमोर एलीचं घर कोसळलं होतं, तरी हे झालं. लोक राजा मागू लागले त्याचं एक कारण हे दोघे होते.

मात्र शमुवेलावर एलीसारखा निवाडा आलेला नाही. निरोप घेताना तो भर सभेत उभा राहून विचारतो की मी कुणाचा बैल घेतला, कुणाचं गाढव घेतलं, कुणाच्या हातून लाच घेतली? आणि लोक साक्ष देतात की काही नाही. मुलं वाया गेली, पण बापाचे हात स्वच्छ होते. दोन घरांतला हा फरक मंडळीनं लक्षात ठेवायला हवा, कारण मूल कसं निघेल याची हमी कुणाही आईबापाला देता येत नाही. शमुवेलानं मुलांना पदावर बसवलं ही चूक खरीच. पण त्यांच्या कमाईत तो वाटेकरी नव्हता.

पौलानं तीमथ्याला लिहिलं की अध्यक्ष होणाऱ्यानं आपलं घर नीट चालवलेलं असावं. ज्याला घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार. अट वाजवी आहे, पण तिचा मार खाल्ला तो पाळकांच्या मुलांनी. मिशन कंपाउंडात वाढलेल्या कुणालाही विचारा. दुसऱ्याचा मुलगा उपासनेला आला नाही तर तो आजारी असतो, पाळकाचा आला नाही तर तो बिघडलेला असतो. बापाची अब्रू राखण्यासाठी दिलेली शिक्षा मुलाला बरोबर ओळखू येते. मुलांना चिडीला आणू नका, त्यांचं मन खचेल, हेही पौलानंच बापांना बजावलं आहे. ते मात्र उपदेशात क्वचित ऐकू येतं.

उलट बाजूचं उदाहरण मिशनरी विल्यम कॅरींचं. मराठीवर त्यांचे उपकार आहेत. 1805 चं मराठी व्याकरण आणि 1810 चा कोश त्यांच्या नावावर आहे, आणि त्यामागे वैजनाथ पंडितांचे कष्ट आहेत. पैशाच्या बाबतीत कॅरींकडे बोट दाखवता येणार नाही. फोर्ट विल्यम कॉलेजच्या पगारातला फार मोठा भाग ते सेरामपूर मिशनच्या सामायिक निधीत घालत. एलीचा दोष त्यांच्यात तिळमात्र नव्हता.

आणि तरी घर मोकाट होतं. पत्नी डॉरथी मनाच्या आजारानं खचलेली, पाच वर्षांचा पीटर 1794 मध्ये वारलेला, बाप पहाटेपासून भाषांतरात. 1799 मध्ये सेरामपूरला आलेल्या सहकारी हॅना मार्शमन यांना मुलं बेबंद दिसली. बापाला ते कळत होतं, वाईटही वाटत होतं, पण धाक घालणं त्यांच्याकडून होत नव्हतं. मुलांना वळण लावलं ते हॅनाबाईंनी आणि छापखाना सांभाळणाऱ्या विल्यम वॉर्ड यांनी. थोरला फेलिक्स वॉर्डच्या सहवासात बदलला, ब्रह्मदेशात मिशनरी झाला. 1814 मध्ये इरावती नदीत नाव उलटून त्याची बायकोमुलं बुडाली. पुढं तो ब्रह्मी राजाचा राजदूत म्हणून कलकत्त्यात थाटामाटानं वावरला, कर्जात बुडाला, परागंदा झाला. मिशनरीचा राजदूत झाला याची खंत कॅरींना होती. 1818 मध्ये त्याला परत आणलं तेही वॉर्डनंच.

कॅरींचा गौरव करणारी चरित्रं डॉरथीच्या खोलीपाशी घाईनं पुढं सरकतात, हे मला पटत नाही. देवाच्या कामाला दिलेला वेळ त्या मुलांच्या हक्काचाही होता. पण हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी कॅरींवर ठराव आणला नाही, त्यांनी मुलं हाताशी धरली. पाळकाच्या घराबाबत मंडळीचं काम काय, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तेव्हा पाळक निवडणाऱ्या समित्यांना एक विनंती. उमेदवाराचा मुलगा केस किती वाढवतो आणि रविवारी कुठल्या बाकावर बसतो, हे विचारू नका. मंडळीच्या शाळेत, वसतिगृहात, ट्रस्टवर घरातली किती माणसं आहेत आणि ती कशी लागली, हे विचारा. आणि मुलं लहान असतील तर संध्याकाळच्या सभा कमी करा.