हात यंत्राचा, उत्तर कुणाचे?

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजारी मंडळींना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही धर्मग्रामातील घरोघरी जातो. काही महिन्यांपूर्वी अशाच एका घरी, खुब्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या मावशींनी आम्हाला थांबवून घेतले. डॉक्टरांनी सांधा बदलण्यास सांगितले होते. यंत्रमानवाच्या साहाय्याने ही शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाचे माहितीपत्रक मुलाने आणले होते. मावशी म्हणाल्या, "फादर, डॉक्टरचा हात चुकला तर डॉक्टरला विचारता येते. यंत्राचा हात चुकला तर कुणाला विचारायचे?"

मुलगा हसला. आम्ही "देवावर भरवसा ठेवा" एवढे बोलून निघालो. वाटेत मात्र मनाला टोचणी लागली. मावशींचा देवावरचा भरवसा शाबूत होता; त्यांनी माणसांविषयी विचारले होते आणि आम्ही उत्तर टाळले होते.

खुबा बदलण्याची आजची पद्धत इंग्लंडमधील शल्यविशारद सर जॉन चार्नली यांनी रूढ केली. आरंभी त्यांनी टेफ्लॉनची वाटी बसवली. ती काही वर्षांतच झिजली, तिच्या कणांनी भोवतालचे शरीर बिघडू लागले आणि सुमारे ३०० रुग्णांना त्याचा फटका बसला. चार्नलींनी त्या पदार्थाचा अंश स्वतःच्या मांडीत टोचून परिणाम तपासला. बिघडलेले सांधे पुन्हा उघडण्याचे कष्टाचे कामही त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. १९६२ मध्ये पॉलिथिनची वाटी आली आणि मार्ग सापडला. चूक मोठी होती, पण ती कुणाची हे रुग्णांना ठाऊक होते आणि चूक करणारा त्यांच्या खाटेपाशी उभा होता.

याच्या तीस वर्षांनंतर 'रोबोडॉक' हे यंत्र आले. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे त्याने पहिल्यांदा माणसाच्या मांडीचे हाड कोरले. सीटी स्कॅनवरून शल्यविशारद संगणकात आराखडा आखीत. रुग्णाचा पाय यंत्राला घट्ट जखडला जाई आणि फिरते पाते स्वतःच हाडात पोकळी कोरी. डॉक्टर शेजारी उभे राहत. यंत्र थांबवणे त्यांच्या हाती असे, कोरणे नसे.

१९९४ पासून जर्मनीत हे यंत्र हजारो रुग्णांसाठी वापरले गेले. तेथील एका तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पायांची लांबी सारखी राखणे आणि सांध्याचा दांडा योग्य रेषेत बसवणे यांत यंत्र सरस ठरले. परंतु यंत्राने केलेले सुमारे १८ टक्के सांधे पुढे निखळले; हाताने केलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. ज्यांची शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागली, त्यांच्यात खुब्याला आधार देणारा स्नायू तुटलेला आढळला. आराखडा हाडाचा होता आणि हाडाशी यंत्र प्रामाणिक राहिले. भोवतालचे मांस त्याच्या हिशेबातच नव्हते. अचूकपणा आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात येते.

अनेक रुग्ण न्यायालयात गेले. त्यांपैकी एका महिलेच्या दाव्यावर जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००६ मध्ये निकाल दिला. नवी पद्धत वापरण्यास हरकत नाही. मात्र ती नवी आहे आणि तिच्यात अद्याप अज्ञात असलेले धोके संभवतात, हे रुग्णाला स्पष्ट सांगितले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. त्या महिलेचा दावा मात्र फेटाळला गेला, कारण तिला झालेली मज्जातंतूची इजा हा ज्ञात धोका होता आणि त्याची कल्पना तिला आधी देण्यात आली होती. "आम्हाला अजून सारे ठाऊक नाही" हेही एक सत्यच आहे आणि ते ऐकण्याचा रुग्णाला हक्क आहे. रुग्णाने दिलेल्या अधिकारापलीकडे डॉक्टरला त्याच्या शरीरावर अधिकार नाही, असे पोप बारावे पायस यांनीही १९५२ मध्ये सांगितले होते. अर्धे सत्य सांगून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचे कुऱ्हाडीचे उदाहरण भेटले होते. कुऱ्हाड लाकूड तोडते, पण तिच्याकडून पलंग घडतो तो कारागिराच्या मनातील आकृतीमुळे. साधन काम करते; कर्ता दुसराच असतो. कुणी म्हणेल, कुऱ्हाड हातावाचून हलत नाही, हे यंत्र तर आपले आपण कोरते. खरे आहे. पण आराखडा कुणी आखला? यंत्र कुणी विकले, कुणी विकत घेतले, आणि हाच रुग्ण त्यासाठी योग्य आहे हे कुणी ठरवले? कर्ता नाहीसा झालेला नाही. एकाचे अनेक झाले आहेत. धोका नेमका इथे आहे. अनेकांत वाटलेली जबाबदारी सहज कुणाचीच उरत नाही. डॉक्टर यंत्राकडे बोट दाखवील, कंपनी डॉक्टरकडे, आणि आमच्यासारखा कुणी देवाकडे.

म्हणून यंत्र त्याज्य ठरत नाही. आज आपल्या मुंबईतही यंत्रांच्या मदतीने सांधे बदलले जातात. त्यांपैकी काहींत यांत्रिक बाहू डॉक्टरांच्याच हाती असतो आणि आखलेल्या मर्यादेबाहेर जाऊ लागताच तो अडवतो. वेदना कमी करणारे साधन ही ईश्वराने माणसाला दिलेल्या बुद्धीची फलश्रुती आहे. हात यंत्राकडे सोपवता येतो. उत्तर देण्याचे कर्तव्य सोपवता येत नाही.

पुढल्या महिन्यात आम्ही मावशींकडे पुन्हा गेलो आणि आधीच्या उत्तराबद्दल क्षमा मागितली. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा, असे सुचवले: या यंत्रावर आपण किती शस्त्रक्रिया केल्या? माझ्यासाठी ते का हवे? काही बिघडले तर माझ्यासमोर कोण उभे राहील? मुलगा त्यांना घेऊन गेला. तिसऱ्या प्रश्नावर डॉक्टर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मी."

मावशींनी होकार दिला. आम्हाला म्हणाल्या, "यंत्राचे मला काही कळले नाही, फादर. विचारायचे कुणाला, ते कळले."