आलेखातली रेघ आणि माणसावरचा ठपका

जळगावच्या एमआयडीसीत डाळमिल पुष्कळ आहेत. तिथल्या मोटरींवर आता छोटे सेन्सर बसू लागलेत. मोटर किती करंट घेते, किती थरथरते, किती तापते, याच्या नोंदी सेकंदासेकंदाला जमा होतात. त्या नोंदींचे तुकडे पाडून प्रत्येकाला नाव देणं हे माझं काम. नावं मोजकीच आहेत : बंद, सुरू होतेय, रिकामी चालू, भारावर, जादा भार, बिघाड. मी हजारो तुकड्यांना अशी नावं दिली की सॉफ्टवेअर त्यातून शिकतं आणि पुढचे तुकडे स्वतःच ओळखू लागतं.

ऐकताना हे निव्वळ तांत्रिक वाटतं. पण नाव मशीनला दिलं तरी ते शेवटी कुणाच्या तरी अंगावर येतं.

आधी मशीनचं बघू. आपल्याकडच्या वीजपुरवठ्यावर चालणारी नेहमीची चार पोलची मोटर सेकंदाला साधारण २४ फेरे मारते. सुरू होताना ती नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. आलेखात तो सुळका बघून नवख्याला वाटतं, मोटर जळाली! पण तो तिचा रोजचा स्वभाव आहे. उलट बेअरिंग खराब होऊ लागतं तेव्हा कंपनात फार बारीक फरक पडतो आणि करंटच्या रेघेत बऱ्याचदा काहीच दिसत नाही. म्हणजे मोठा आवाज करणारं सगळं बिघाड नसतं, आणि बिघाड दर वेळी आवाज करून येत नाही.

मग ‘नॉर्मल’ म्हणजे काय? मोटरीचं जानेवारीतलं तापमान नॉर्मल धरून सॉफ्टवेअर शिकवलं, तर मे महिन्यात, जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा, ते दुपारभर ‘बिघाड’ म्हणून ओरडत बसेल. फ्रेंच विचारवंत आणि डॉक्टर जॉर्ज कांगिलेम यांनी १९४३ मध्ये माणसाच्या आरोग्याबद्दल असाच प्रश्न विचारला होता. नॉर्मल म्हणजे सरासरी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. कुठल्या परिस्थितीत कोण कसं जगतंय हे बघितल्याशिवाय नॉर्मल ठरत नाही. मोटरीलाही हे लागू पडतं. तिच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला तर जास्तच.

आता धुळे जिल्ह्यात चला. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. पवनचक्कीच्या नोंदी साधारणपणे दहा-दहा मिनिटांच्या सरासरीने ठेवतात. म्हणजे दिवसाला १४४, वर्षाला ५२,५६०. समजा त्यातल्या ५० नोंदी खऱ्या बिघाडाच्या आहेत. मग डोळे मिटून कायम ‘सगळं ठीक’ म्हणणारं सॉफ्टवेअरसुद्धा ९९.९ टक्के बरोबर ठरेल! जाहिरातीत तो आकडा झळकेल, आणि ज्यासाठी सॉफ्टवेअर घेतलं ते ५० क्षण मात्र निसटतील.

याला उपाय म्हणून सॉफ्टवेअर जास्त संशयी करता येतं. मग खोटे इशारे वाढतात. रोज दहादा भोंगा वाजला की मिस्त्री अकराव्यांदा लक्ष देत नाही. संशय कमी केला तर एक दिवस बेअरिंग जाम होतं, मिल बंद पडते आणि रोजंदारीवरच्या बायकांना घरी जावं लागतं. या दोन चुकांमधली कुठली चालवून घ्यायची, हे गणित सांगत नाही. कुणाचं नुकसान आपण जास्त मोजतो, त्यावर ते ठरतं.

एका मिलमधली गोष्ट सांगते. आलेखात एका दुपारी २२ मिनिटं ‘रिकामी चालू’ आलं. मालकाच्या मोबाइलवर तसा मेसेज गेला आणि मिस्त्रींना जाब विचारला गेला. वीज फुकट का घालवली? मी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “पानी येवामा व्हतं ताई. तूर झाकू का मशीन देखू?” पटांगणात भिजवलेली तूर वाळत होती. अवकाळी ढग आले तसे सगळे ताडपत्री घेऊन धावले. मालकाचाच माल त्यांनी वाचवला होता. माझं नाव चुकलेलं नव्हतं, मोटर खरोखर रिकामी चालत होती. त्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकला.

इथे मला अमळनेर आठवतं. प्रताप मिल उभारणाऱ्या प्रतापशेठांनी १९१६ मध्ये त्याच गावात तत्त्वज्ञान मंदिर सुरू केलं. तरुणपणी साने गुरुजीही तिथे शिकायला आले होते. मिल आणि तत्त्वज्ञान एका गावात नांदू शकतात, तर मिलमधला प्रश्न तत्त्वज्ञानाला विचारायला काय हरकत आहे?

आपल्या न्यायदर्शनात एक जुनं उदाहरण आहे. धूर दिसला तर आग आहे असं म्हणता येतं. पण आग दिसली म्हणून धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ‘मशीन रिकामी, म्हणजे माणूस कामचुकार’ या अनुमानातही अशीच उपाधी लपलेली आहे : माल तयार होता का, हात मोकळे होते का, आभाळ कसं होतं? आलेखात यातलं काहीच नसतं. ब्राह्मणवेलची पवनचक्की वारा असतानाही थांबलेली दिसली, तरी ती बिघडली, दुरुस्तीला घेतली की ग्रिडकडून थांबवायला सांगितलं, हे शून्यावर टेकलेली रेघ सांगत नाही.

मग हे सगळं बंद करायचं का? मला तसं वाटत नाही. आधी नोंद नव्हती तेव्हा मोटर जळाली की दोष मिस्त्रींचाच असायचा. आज व्होल्टेज पडल्याची नोंद दाखवून तेच मिस्त्री म्हणू शकतात, “बघा, लाइन खराब होती.” नोंद गरिबाची साक्षीदारही होऊ शकते. फक्त ती नोंद त्याच्याही हातात हवी.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नावांच्या यादीत ‘माहीत नाही’ हेही एक नाव असू द्या. सॉफ्टवेअरला ते वापरायला लाज वाटू नये. आणि ज्याच्या पाळीवर ठपका येणार आहे, त्याला मेसेज मालकाकडे जाण्याआधी एक ओळ लिहू द्या. मग मालकाला २२ मिनिटांसोबत पाऊसही वाचायला मिळेल.